फुगा आलेला, चिरलेला, सेकंडहँड टायर: चालवायचा की भंगारात घालायचा?

पावसाळा संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात टायरच्या दुकानांपुढं गर्दी सुरू होते. चोर्ला घाट म्हणा, अनमोड म्हणा, चंदगडकडनं आंबोलीला जायचा रस्ता म्हणा, खड्ड्यात पाणी भरलेलं असतं, खोली कळत नाही, धाडकन चाक आत जातं, गाडी बाहेर निघते, काही झालं नाही म्हणून आपण पुढं जातो, आणि आठ-दहा दिवसांनी गाडी धुताना दिसतं की टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. मग विचारायला सुरुवात, चालेल काय हो अजून थोडे दिवस?

उत्तर देणारे पण ठरलेले. नवीन टायर विकणारा म्हणतो चारीच्या चारी बदला. गल्लीतला मित्र म्हणतो चालतंय की, काय होत नाही, माझा तसला टायर दोन वर्षं पळाला. आणि जुने टायर विकणारा टायरवर हात थोपटत कानडीत म्हणतो चलो ऐत्री, म्हणजे चांगला आहे, बिनधास्त घ्या. तिघांपैकी एकानंही तो टायर रिमवरनं उतरवून आतनं बघितलेला नसतो, आणि खरी भानगड बहुतेक वेळा आतच असते.

आधी टायरची रचना बघू, ती कळली की निम्मं काम झालं. आपल्याला वाटतं टायर म्हणजे रबर. रबर असतं, पण ते रस्ता धरायला, ऊन-पाणी अडवायला आणि हवा आत ठेवायला. ताण सोसायचं काम आतल्या धाग्यांचं. कारच्या रेडियल टायरमध्ये पॉलिस्टर किंवा तसल्याच धाग्यांचा थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा गेलेला असतो, नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागाच्या, खाली त्यावर बारीक पोलादी तारांचे पट्टे तिरके बसवलेले असतात, रिमला बसणाऱ्या कडेत जाड तारेचं कडं असतं त्याला बीड म्हणतात, आणि सगळ्यात आत हवा धरणाऱ्या रबराचा एक पातळ थर. साखर कारखान्यातनं निघणारं पन्नास किलोचं पोतं डोळ्यापुढं आणा, वजन पेलते ती त्याची वीण, वरची छपाई नव्हे, छपाई खरवडली तर काही बिघडत नाही पण विणीतले दहा धागे तुटले की पोतं तिथं फुगतं आणि एक दिवस तिथंच फाटतं.

थोडा हिशोब करू. ३२ पीएसआय हवा म्हणजे आतनं प्रत्येक चौरस इंचावर ३२ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेचौदा किलोचा रेटा. दोन इंच बाय दोन इंच जागेतले धागे तुटले असतील तर तिथल्या नुसत्या रबरावर ५८ किलो बसलेत, आणि हे गाडी घरापुढं उभी असताना. ८० च्या स्पीडला लहान कारचं चाक सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात ती जागा खाली आली की दबते, वर गेली की सरळ होते. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, तिथं पोचेपर्यंत ती एकच जागा साठ हजार वेळा दबून सरळ झालेली असते. त्यामुळं "इतके दिवस काही झालं नाही" याला काही अर्थ नाही, तुटलेला धागा परत जुळत नाही, शेजारचा मात्र रोज थोडा थोडा तुटत असतो.

म्हणून टायरला काहीही झालं तरी पहिला प्रश्न एकच विचारायचा, मार धाग्यापर्यंत गेलाय का?

फुग्याच्या बाबतीत उत्तर आधीच मिळालेलं असतं. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते, रबर ताणून परत जागेवर येतं पण धागे तुटतात, मग हवा तिथनं बाहेर ढकलायला लागते. फुगा दिसायला कधीकधी दिवस लागतात कारण आतला थर थोडासाच फाटलेला असतो आणि हवा हळूहळू मधल्या थरात शिरते. लहान फुगा असला तर चालेल, मोठा असला तर नाही, असं काही नसतं, फुगा म्हणजे धागे गेले, संपलं. याला रिपेअर नाही. काही जण म्हणतात हवा जरा कमी ठेवा म्हणजे फुगा बसतो, हा सगळ्यात वाईट सल्ला, कारण हवा कमी केली की बाजू अजून जास्त दबते, जास्त तापते आणि उरलेले धागे लवकर जातात. खरं तर हवा कमी असल्यामुळंच खड्ड्यात टायर एवढा चिमटला जातो.

पण एक उलटी गोष्ट पण सांगतो, म्हणजे उगाच चांगला टायर फेकला जाणार नाही. टायरच्या बाजूला रिमपासनं नक्षीपर्यंत सरळ गेलेली, किंचित आत दबलेली एक पट्टी कधीकधी दिसते. बोट फिरवलं तर खोलगट लागते. ती इजा नव्हे. टायर तयार करताना धाग्यांच्या थराची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडतात, तिथं धागे दुप्पट असतात म्हणून ती जागा कमी ताणली जाते, हवा भरली की जास्त दिसते. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेली सरळ रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी, एवढं लक्षात ठेवा.

चिरेचं बघायचं तर आधी टायर पाण्यानं धुवा, चिखलात काही कळत नाही. मग हवा सोडून चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ती उघडा, मोबाईलचा टॉर्च मारा आणि तळाला काय दिसतं ते बघा. सगळीकडं काळं रबरच दिसत असेल आणि चीर नखाच्या जाडीएवढी वरवरची असेल तर ठीक आहे, लक्ष ठेवा. तळाला पांढरट किंवा तपकिरी धागा, सुतासारखं काही, नाहीतर चकाकणारी तार दिसली की विषय बंद. खोली बघायला संपलेली रिफिल किंवा बोथट काडी वापरा, सुई-दाभण घालून खुपसत बसू नका, धड असलेला थर तुम्हीच फोडाल. बाजूच्या भिंतीला रबर पातळ असतं, नक्षीखाली जाड, म्हणून तीच चीर मध्यभागी असली तर खपून जाते आणि बाजूला असली तर नाही. फुटपाथच्या कडेला घासून रबर खरवडलं जातं ते बहुतेक वेळा नुसतं दिसायला वाईट असतं. मात्र घासल्यानंतर तिथं बोट फिरवून बघा, रबराखाली धाग्यांच्या समांतर रेघा हाताला लागायला लागल्या तर वरचं संरक्षण गेलं. नक्षीतली चीर तारेपर्यंत गेली असेल तर पाणी आत जातं, तार गंजते, गंज तारेच्या बाजूनं पसरत जातो आणि काही महिन्यांनी पट्टा रबरापासून सुटायला लागतो, बाहेरनं चीर तेवढीच दिसते.

आता आपल्याकडचा खास उपाय, गेटर. बाजूला चीर पडली की आतनं जुन्या टायरचा एक तुकडा लावायचा, त्यावर ट्यूब टाकायची, आणि ट्यूबलेस टायर परत रस्त्यावर. पूर्वी नायलॉनचे टायर आणि ४०-५० चा स्पीड होता तेव्हा हे खपून जायचं. आजच्या रेडियल टायरमध्ये हे करणं म्हणजे रोग झाकून ठेवणं. तुकडा आत सरकतो, घासतो, एकाच जागी जाडी वाढल्यामुळं बॅलन्स जातो, ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापतात, शिवाय ट्यूबलेस टायर आतनं ट्यूबसाठी गुळगुळीत केलेला नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूबलेसला भोक पडलं तर हवा सहसा हळू जाते, तुम्हाला बाजूला घ्यायला वेळ मिळतो, ट्यूब मात्र फाटली की एका झटक्यात बसते. सेकंडहँड टायर घेताना दुकानदार "ट्यूब टाकून देतो, काळजी नको" म्हणाला तर तो टायर हवा धरत नाही हे त्यानंच सांगितलं असं समजा.

पंक्चरबद्दल लोक उगाच घाबरतात, नको तिथं घाबरत नाहीत. नक्षीच्या मधल्या भागात खिळा गेला, भोक ६ मिलिमीटरच्या आत आहे आणि हवा कमी असताना गाडी चालवलेली नाही, तर तो टायर नीट दुरुस्त होतो आणि पुढं व्यवस्थित चालतो. नीट म्हणजे टायर उतरवून, आतनं घासून, मशरूम पॅच लावून, ज्याची दांडी भोकात बसते आणि टोपी आतनं चिकटते. रस्त्याकडेला टायर न उतरवता टोच्यानं रबरी वात खुपसतात ती घरी पोचायची सोय, पुष्कळ जण त्यावर वर्ष काढतात हे खरं, पण त्यात आतलं कुणी बघितलेलं नसतं आणि पाणी तारेपर्यंत जायची वाट मोकळी राहू शकते. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, आणि बाजूच्या भिंतीत पंक्चर असेल तर दुरुस्ती नाही, कारण ती जागा सतत वाकते आणि पॅच तिथं टिकत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्री-मशीन शॉपच्या आसपास गाडी लावणाऱ्यांना लोखंडी बर, म्हणजे लोखंडाचे धारदार कीस, आणि खिळ्यांचा चांगलाच अनुभव असेल, तिथल्या टायरला चार-पाच पंक्चर सहज निघतात, ती एकमेकांपासून लांब असतील तर ठीक, दोन पॅच एकमेकांवर चढत असतील तर नको.

जो प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो बाहेरनं दिसतच नाही. हवा कमी असताना किंवा पूर्ण बसलेल्या टायरवर गाडी चालवलेली असते. "पुढं दुकान होतं म्हणून दोन किलोमीटर हळूहळू आणली", हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. त्या दोन किलोमीटरमध्ये रिम टायरच्या बाजूला आतनं चिरडत येतं, धागे तापून वितळल्यासारखे होतात, सुटतात. मग पंक्चर काढतात, हवा भरतात, टायर ताठ उभा राहतो, नक्षी नव्यासारखी, कुणाला काय कळणार.

तो ओळखायचा तर रिमवरनं उतरवल्यावर टायर जमिनीवर उभा करा आणि हात आत घाला. आधी खाली काही सांडतं का बघा. काळा, बारीक, किसलेल्या रबराचा भुगा किंवा छोट्या गोळ्या निघाल्या तर ते आतल्या भिंतीचं रबर आहे, रिमनं खाल्लेलं. मग बोटं आतल्या बाजूनं, रिमच्या कडेपासनं तीन-चार बोटं वर, पूर्ण गोल फिरवा. चांगल्या टायरला तिथं सगळीकडं एकसारखा गुळगुळीतपणा लागतो. मार खाल्लेल्याला एक पट्टा लागतो, खरखरीत, सुरकुतलेला, कधी कडक कधी मऊ, रंगही बाकीपेक्षा वेगळा, निळसर किंवा राखाडी. काही ठिकाणी धाग्यांची रांग उठून दिसते. असा पट्टा गोल फिरलेला असेल तर तो टायर कुणीही फुकट दिला तरी घेऊ नका. बाहेरच्या बाजूलासुद्धा त्याच उंचीवर गोल घासल्याची रेघ असते, पण काळं पॉलिश मारलं की ती जाते, म्हणून तर विकायच्या टायरला पॉलिश मारतात.

तिथंच असताना रिमला बसणारी कड पण बघून घ्या. टायर उतरवताना टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, मारून कड फाडलेली असते, रबर निघून तार उघडी पडलेली असते, नाहीतर कडं वाकलेलं असतं. बीडची तार तुटलेली असेल तर हवा भरतानाच टायर फुटू शकतो आणि त्यावेळी समोर पंक्चरवाला पोरगा वाकलेला असतो. हा मुद्दा आपल्याकडं कुणी मनावरच घेत नाही.

वय. बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ असेल तर २०१८ सालातला ३२वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि टायर गाडीला लावलेला असेल तर नेमके आतल्या बाजूला गेलेले असतात, दुकानदार म्हणेल तारीख नाही त्यावर, तर टायर फिरवून बघा. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. आपल्याकडचं ऊन बघता दहापर्यंत थांबायला मी कुणाला सांगणार नाही, अथणी रायबागकडं तर एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी असली की टायरला हात लावायची सोय नसते. उलट गंमत अशी की रोज चालणारा टायर उभ्या गाडीच्या टायरपेक्षा चिरा उशिरा धरतो. रबरात घातलेलं मेण आणि बाकीची रसायनं टायर वळत-दबत राहिला की पृष्ठभागावर येत राहतात आणि ओझोनपासून रबर वाचवतात, गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवली की ते थांबतं. म्हणून "म्हाताऱ्या मालकाची, घरातच असलेली, कमी पळालेली गाडी" घेताना इंजिनवर खूश होऊन टायर विसरू नका. स्टेपनी तर हमखास विसरली जाते, डिकीत आठ वर्षं न वापरलेला टायर असतो, नक्षी कोरी करकरीत, आणि दोन नक्षींच्या मधल्या खाचेत तळाला चिरा.

चिरा सगळ्याच वाईट नसतात. केसाएवढ्या, वरवरच्या, बाजूवर जाळीसारख्या, त्या जुनेपणाच्या खुणा, लक्ष ठेवायचं. नख आत जायला लागलं, किंवा नक्षीच्या खाचेच्या तळाशी गोल फिरणारी चीर दिसली, तर बदला.

नक्षीचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. कायद्यानं कारला किमान १.६ मिलिमीटर लागते, दुचाकी आणि रिक्षाला ०.८. बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ वर खाचेत एक उंचवटा असतो, नक्षी झिजून त्या उंचवट्याला समपातळीत आली की टायर संपला. पण ही कायद्याची हद्द झाली, पावसाची नव्हे. ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच कमी होते, आणि जुलैमध्ये खानापूर-जांबोटी-चोर्ला असं जायचं असेल तर मी ३ लाच टायर काढतो. मोजायला काडेपेटीतली काडी खाचेत उभी करा, नखानं खूण करा आणि पट्टीवर ठेवा, झालं. एका जागी नाही, आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. एकाच कडेला जास्त झिजला असेल तर अलायनमेंट बिघडलंय, मध्येच जास्त झिजला असेल तर हवा जास्त ठेवली होती, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी ठेवून चालवलाय, आणि कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आत काय होतं ते वर सांगितलंच. म्हणजे झीज कशी आहे त्यावरनं आधीच्या मालकाच्या सवयी कळतात.

यातच एक लबाडी असते, कटिंग. गोटा झालेल्या, म्हणजे नक्षी पूर्ण झिजलेल्या, टायरला गरम पात्यानं नवीन खाचा पाडतात. ट्रकच्या काही टायरवर तशी परवानगी कंपनीनंच छापलेली असते, त्यात खाली जास्तीचं रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरमध्ये ते नसतं, खाच पाडली की पातं तारेच्या जवळ गेलंच. ओळखायला सोपं आहे, खाचेच्या कडा करकरीत धारदार, तळ वरखाली, रुंदी कुठं जास्त कुठं कमी, आणि तो टीडब्ल्यूआयचा उंचवटा एकतर कापलेला नाहीतर गायब. नक्षीच्या ठोकळ्यावरच्या बारीक बारीक रेघा पण नसतात.

हे सगळं सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतो, अहो मग उसाच्या ट्रॉलीचे टायर बघा की, धागे लोंबतायत, दहा-पंधरा टन ऊस घेऊन कारखान्याला जातायत, त्यांना काही होत नाही. होतं की, सीझनमध्ये रस्त्याकडेला टायर फुटून बसलेल्या ट्रॉल्या आपण सगळेच बघतो. पण त्यातला खरा मुद्दा असा की ट्रॉली वीसच्या स्पीडनं जाते. टायरला मारते ती उष्णता, आणि उष्णता येते वाकण्यातनं, जितका स्पीड तितकं जास्त वेळा वाकणं, आणि मधे थंड व्हायला वेळ नाही. जो टायर गावात शेतावर जाऊन येऊन वर्ष काढेल तोच हायवेवर निपाणीच्या पुढं दुपारी अर्ध्या तासात जाऊ शकतो. म्हणून टायर "चालतो" की नाही असं विचारून उपयोग नाही, किती स्पीडला, किती माणसं आणि सामान घालून, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सेकंडहँड घेणं चूकच आहे असं मी म्हणणार नाही, चौदाशे-पंधराशेत मिळणारा टायर आणि साडेतीन-चार हजाराचा नवीन यात फरक आहे आणि सगळ्यांच्या खिशाला नवीन परवडत नाही. त्यातल्या त्यात चांगले म्हणजे नवीन गाडी घेऊन लगेच मोठी अलॉय व्हील घालणाऱ्यांनी काढलेले टायर, दोन-तीन वर्षांच्या आतले. अपघातातल्या गाडीचे सगळ्यात बेभरवशाचे. दुकानात गेल्यावर रिमला लावलेला टायर दाखवत असतील तर उतरवायला सांगा, उतरवायचे पैसे मी देतो म्हणा, तरी तयार नसतील तर दुसरं दुकान. पॉलिश मारलेला असेल तर ओल्या फडक्यानं पुसून बघा. साइज बघा आणि साइजपुढचा आकडा पण बघा, तो वजन पेलायचा आकडा, ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. गाडीला जेवढा लागतो त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर साइज जुळते म्हणून लावू नका, विशेषतः सात माणसं आणि वर कॅरिअर घेऊन सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणार असाल तर. एका ॲक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीला, दोन्हीकडं एकाच प्रकारचे टायर ठेवा, आणि चारातले दोन बरे असतील तर ते मागं लावा. आपल्याकडं सगळे पुढं लावतात, पण ओल्या वळणावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि आपण स्पीड कमी करून सावरू शकतो, मागचं सुटलं तर गाडी गर्रकन फिरते.

लावून झाल्यावर कडेनं, व्हॉल्व्हपाशी आणि पॅचवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे येतात का बघा. मग गाडी जॅकवर असतानाच नक्षीपासनं थोड्या अंतरावर खडू स्थिर धरून चाक हातानं फिरवा. अंतर सगळीकडं सारखं राहिलं पाहिजे. एका जागी नक्षी खडूकडं उसळून येत असेल तर आतला तारेचा पट्टा सुटलाय, बॅलन्सिंगला वजनं लावून ते बरं होत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावर कंपनीनं लिहिलेली तेवढी भरा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा.

रस्त्यात असताना काय? स्टीअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, किंवा धब धब असा आवाज येतोय आणि स्पीड वाढवला की तो पण वाढतोय, तर बाजूला घ्या आणि चारी टायर हातानं चाचपून बघा, दोन्ही बाजूंनी, आतली बाजू पण. फुगा, दिसणारे धागे, उसळलेली नक्षी, यातलं काहीही असेल तर तिथंच स्टेपनी लावा. चोर्ल्याला मधे मोबाईलला रेंज धड नसते म्हणून घाट चढायच्या आधी स्टेपनीची हवा बघितलेली बरी. २०२० च्या नियमानंतर काही नवीन गाड्यांत स्टेपनीच येत नाही, हवेचा सेन्सर आणि पंक्चर किट देतात, पण त्या किटमधलं औषध खिळ्याच्या भोकासाठी आहे, फाटलेल्या बाजूला त्याचा काही उपयोग नाही, तिथं टोइंगलाच फोन करायचा. ब्रेकबद्दल एवढंच, चालताना टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्पीड आपोआप उतरला की कडेला घ्या.

दुचाकीवाल्यांना वेगळं काही नाही, फक्त पुढच्या टायरला कुठलीही सवलत देऊ नका. मागचा बसला तर गाडी हलते-डुलते, बरेच जण सावरतात, पुढचा गेला तर सावरायला हातात काही राहत नाही.

आणि बाद ठरवलेला टायर भंगारवाल्याला देण्याआधी बाजूला चांगली वीतभर चीर पाडून द्या. नाहीतर तोच टायर पॉलिश मारून महिन्याभरात कुठल्यातरी दुकानापुढं परत उभा असतो. घरामागं पडवीत ठेवायचा विचार असेल, झोपाळा करायला किंवा झाडं लावायला, तर खालनं दोन-चार भोकं पाडा, त्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.